मुलांच्या उंचीची खोली

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने आपल्या तुकडीने शाळेच्या बालवर्गाची खोली नव्याने करून द्यायची ठरवली, तेव्हा सगळ्यात आधी चर्चा झाली ती रंगांची आणि भिंतीवरच्या कार्टूनची. रंग हवेतच. पण या कामात मी एकदा तोंडघशी पडले आहे, म्हणून थोडा इतिहास सांगते.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आमच्या ऑफिसच्या समितीत मी होते. आम्ही भिंती रंगवल्या, महागडी खेळणी आणली. पहिल्याच आठवड्यात तीन वर्षांची एक मुलगी बेसिनपाशी हात वर करून रडत उभी दिसली. नळ तिच्या डोक्याच्याही वर होता. खोली आम्ही आमच्या डोळ्यांना आवडेल अशी केली होती. त्यानंतर मी वाचायला लागले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरींनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, त्यांना कुठेतरी बसवावे, एवढाच इमारतीच्या मालकांचा हेतू होता. माँटेसरींनी मात्र मुलांच्या मापाचे सामान करून घेतले. टेबल असे, की चार वर्षांची दोन मुले ते सहज उचलतील. कपाटे बुटकी, हात धुण्याची जागा खाली, फळाही खाली. हलकी खुर्ची धक्क्याने पडते, ही त्यांच्या मते अडचण नव्हतीच. खुर्ची पडल्याचा आवाज झाला, की मूल आपणच सांभाळून चालायला शिकते.

हा विचार आपल्याकडे आणणाऱ्यांत गिजुभाई बधेका अग्रणी होते. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करीत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

ताराबाईंचे मोठेपण मला त्याच्या पुढच्या टप्प्यात दिसते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुलाला आपले वाटेल असे ठिकाण नव्याने बांधायची गरजच नव्हती, ते त्याच्या दारातच होते.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मोठी बहीण शाळेला मुकते, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ तिथे आकाराला आली. खोलीत कोण कोण असावे, हाही मांडणीचाच भाग असतो, हे मला तेव्हा कळले.

आता आपल्या बालवर्गाकडे येऊ. दप्तराच्या खुंट्या इतक्या उंच होत्या, की बाई एकेकाचे दप्तर स्वतः अडकवीत. बाई, तुम्ही कधी त्रागा केला नाहीत, पण चाळीस मुलांची दप्तरे रोज दोनदा, असे किती वर्षे केलेत?

म्हणून माझी विनंती आहे. जमलेल्या पैशातून आधी खाली नळ, खाली खुंट्या, मुलांचा हात पोचेल अशी मांडणी, हलके पाट आणि रडू आलेल्या मुलाला टेकायला एक चटईचा कोपरा करू. उरलेल्या पैशात रंग. आणि मेळाव्याच्या दिवशी भाषणे सुरू होण्याआधी आपण सगळे दहा मिनिटे त्या खोलीत जमिनीवर बसू. तिथून काय दिसते, कशापर्यंत हात पोचत नाही, ते बघू. यादी मी लिहून घेईन.