घर दाखवणं आणि घर झाकणं

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने घरविक्रीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण विषय रोजचा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कुठेही जुन्या गल्लीतून चक्कर मारा. कुलूप घातलेला एखादा वाडा दिसतोच. वारस पुण्याला, संभाजीनगरला, कुणी परदेशात. शेवटी ठरतं की विकून टाकू. मग सल्ले सुरू होतात. रंग मारून घ्या, ओल आली तिथे प्लायवूड ठोका, अडगळ काढा, आणि रविवारी गिऱ्हाईक बोलवा. अमेरिकेत याला ‘ओपन हाऊस’ म्हणतात. ठरल्या दिवशी घराचं दार सगळ्यांना उघडं, ज्याला यायचं त्याने यावं, बघावं.

आता आपण विचारायचं ते एवढंच, की विकण्याआधी घर ‘तयार’ करायचं म्हणजे नक्की काय करायचं? याचं उत्तर काळाप्रमाणे कसं बदलत गेलं, ते बघू.

सगळ्यांसमोर घर विकायला काढण्याची कल्पना परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, वास्तुविक्रीचे नियम आहेत. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग सावकार यांना क्रमाने विकत घ्यायचा हक्क, आणि त्यानंतर बाहेरच्यांना. विक्री जाहीर करायची ती त्याच घरासमोर, आसपासच्या चाळीस कुळांच्या समक्ष. या किमतीला कोण घेतो, असं तीनदा पुकारायचं. कुणी हरकत घेतली नाही तरच खरेदी पक्की. चढाओढीत किंमत वाढली, तर वरची रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात.

बघा, इथेही दार उघडंच आहे. पण जमलेले चाळीस जण नुसते बघे नाहीत, ते साक्षीदार आहेत. कोणती भिंत सामाईक, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, कोणत्या भावाचा हिस्सा अजून मोकळा झाला नाही, हे त्यांना मालकाइतकंच ठाऊक. अशा लोकांसमोर घर सजवून फायदा काय?

हीच रीत पुढे मराठी कागदांत वेगळ्या रूपाने दिसते. खरेदीखतात चतुःसीमा लिहायच्या, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय. खाली गोताची, वतनदारांची साक्ष. आपल्याकडे शेताला ‘काळी’ म्हणतात आणि गावठाणाला ‘पांढरी’. जुन्या कागदांत ही पांढरी म्हणजे नुसती जमीन नव्हे, त्यावर नांदणारी सगळी वस्तीही. थोडक्यात, घर ज्या मातीवर उभं ती पांढरी, आणि घराच्या व्यवहाराला साक्ष देणारे लोकही पांढरीच.

त्यात आपल्या भागातली घरंच अशी होती की दोष फार दिवस लपत नसे. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर धाबं किंवा माळवद. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची, रुजलेलं गवत उपटायचं, पन्हाळी मोकळी करायची. एक वर्ष हात फिरला नाही की आषाढात घर गळलंच. भिंती पोतारणं, जमीन सारवणं ही नित्याची कामं. सणाला, लग्नकार्याला जरा जास्त. घर नीट ठेवायचं ते राहणाऱ्यांसाठी. विकायचं म्हणून वेगळी तयारी असण्याचं कारण नव्हतं.

या जुन्या व्यवस्थेचं गुणगान करायचा मात्र आमचा हेतू नाही. ज्या पांढरीला सगळं ठाऊक असतं, तीच कुणी कुठे राहायचं हेही ठरवत होती. कोणत्या जातीच्या माणसाला कोणत्या आळीत घर मिळणार नाही, हे न लिहिता पक्कं होतं. चाळीस कुळांचा डोळा विकणाऱ्याला प्रामाणिक ठेवतो आणि नको असलेल्याला वेशीबाहेरही ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच डोळ्याच्या. अनोळखी गिऱ्हाईक येणं ही म्हणून अनेकांच्या दृष्टीने सुटकाही होती.

ते गिऱ्हाईक आपल्याकडे कसं आलं? 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा निघाला. कापसामागे बाहेरचे व्यापारी, अडते आले, पेठा वाढल्या. आता घर घेणारा कुठूनही येऊ शकत होता. त्याला ना भाऊबंदकी ठाऊक, ना पन्हाळीचं भांडण. त्याला दिसणार काय, तर जे दाखवलं ते. घर दाखवणं आणि घर झाकणं यांच्यातली फट इथे पडली.

ही फट तत्त्वज्ञानाला फार जुनी ओळखीची आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सन पूर्व 44 मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात घरविक्रीचाच दाखला आहे. एक भला माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलंय, आणि हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याने सांगावं की नाही? बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांची मतं सिसेरो समोरासमोर ठेवतो. गुरूचं म्हणणं, त्याने कुणाला घ्यायची जबरदस्ती केली नाही, गप्प राहणं म्हणजे फसवणं नव्हे. शिष्य म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून हे वाईट, कारण इथे आपण जाणूनबुजून दुसऱ्याला खड्ड्यात जाऊ देतो. सिसेरोचा कौल शिष्याकडे. तो एक खटलाही सांगतो. घराचा काही भाग पाडण्याचा हुकूम झाला होता. तो लपवून मालकाने घर विकलं. माहीत असून सांगितलं नाही, तर नुकसान विकणाऱ्याने भरावं, असा निकाल लागला.

आपला कायदाही याच वळणाचा आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं, की मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसला नसता, तो उघड करणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य. फ्लॅटच्या जमान्यात 2016 चा रेरा कायदा आला. त्याच्या कलम 12 मध्ये तर नमुना सदनिकेचा, म्हणजे आपल्या ‘सॅम्पल फ्लॅट’चा उल्लेख आहे. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यावी. चाळीस कुळांचं काम कायद्याने असं अंगावर घेतलं. पण कायदा बहुतेकदा तक्रार झाल्यावर जागा होतो. शेजारी आधीपासूनच जागा असे.

कलम 55 मधला ‘मालकीहक्कातला दोष’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि कराची पावती, एवढ्यावर पिढ्या गेल्या. 2020 मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजायला सुरुवात झाली, मिळकत पत्रिका मिळू लागल्या. आणि 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तेव्हा वाडा विकायच्या आधी रंगाऱ्याला बोलावताना सासरी गेलेल्या बहिणींनाही बोलवावं लागतं, आणि ते नुसतं सहीपुरतं नव्हे. भिंतीची ओल पाहणाऱ्याला कदाचित वासाने कळेल. बहिणीचा बुडवलेला हिस्सा त्याला कशाने कळणार?

मग घर तयार करायचं म्हणजे काय? झाडावं, पुसावं, चुना लावावा, जाळी-जळमटं काढावीत. त्यात खोटं काही नाही. पाहुणा येणार म्हणून अंगण झाडणं हा मान आहे. पण एकच कसोटी लावून बघा. हे केल्याने येणाऱ्याला घर जास्त नीट दिसणार की कमी? अडगळ काढली तर खोली दिसते. ओलीवर प्लायवूड ठोकलं तर भिंत दिसेनाशी होते. पहिलं दाखवणं, दुसरं झाकणं. तुळईला वाळवी लागली असेल तर तिथे बोट ठेवून सांगावं, किंमत थोडी उतरेल ती उतरू द्यावी. जमलं तर घर भर पावसात दाखवावं.

आणि व्यवहार ठरल्यावर देवघरातले टाक उचलायच्या आधी नव्या माणसाला सगळं घर एकदा हिंडून दाखवावं. माळवदावर माती कधी टाकतात, पन्हाळ कुठे तुंबते, शेजारच्या भिंतीचं काय ठरलंय, हे त्याला कुठल्याच कागदात मिळणार नाही. ते सांगणारी पांढरी आता गावात उरली नसेल, तर घराची शेवटची पांढरी आपणच.