हरीसवाल्याची हदीस आणि विकतची साक्ष

हिजरी दुसऱ्या शतकात, अब्बासी खलिफांच्या काळात, बगदादमध्ये मुहंमद बिन हज्जाज अल-लख्मी नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा धंदा हरीसचा. गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून केलेला हा पदार्थ. आपल्याकडची हलीम त्याच कुळातली. या गृहस्थाने एक हदीस पसरवली. रात्रीच्या नमाजसाठी पाठीला बळ यावे म्हणून जिब्रील यांनी प्रेषित मुहंमद (स.) यांना हरीस खाऊ घातली, असा तिचा आशय. हदीसच्या अभ्यासकांनी ती बनावट ठरवली. बाराव्या शतकातले विद्वान इब्नुल जौझी यांनी बनावट हदीसींचा मोठा संग्रह केला, त्यात तिची नोंद आहे. ही हदीस सांगणारा स्वतःच हरीस विकत होता, हेही अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे.

आपला माल खपावा म्हणून मोठ्या नावाची खोटी साक्ष उभी करणे, हा प्रकार इतका जुना आहे. आज तोच धंदा इंटरनेटवर जोरात चालतो. ज्याची छोटी वेबसाइट आहे त्याच्या मोबाइलवर दर आठवड्याला एखादा संदेश येतोच: ‘पाचशे बॅकलिंक, एका महिन्यात गुगलच्या पहिल्या पानावर.’ माझ्या ओळखीच्या शिवणकाम, अत्तर आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांना असे संदेश येतात आणि ते मला विचारतात, ‘घ्यायचे का?’ त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. पण ते पटायचे असेल तर आधी या लिंकांचा इतिहास पाहायला हवा.

संदर्भ म्हणजे साक्ष

गोष्ट सुरू होते वकिलांपासून. जुना निकाल पुढे कोणत्या निकालात मान्य झाला, कुठे फिरवला गेला, हे शोधणे वकिलांना जिकिरीचे जात असे. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायला सुरुवात केली. निकालांच्या पुस्तकात त्या-त्या खटल्याशेजारी ही चिठ्ठी डकवायची. तिच्यावर त्या खटल्याचा उल्लेख करणारे पुढचे निकाल दिलेले असत. कोण कोणाचा हवाला देतो याची ही यादी होती.

यूजीन गारफिल्ड या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने हीच कल्पना विज्ञानाला लावली. १९५५ मध्ये त्यांनी ती एका लेखात मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. ज्या शोधनिबंधाचा हवाला इतर संशोधक देतात त्याचे वजन जास्त, हा विचार तिथून रुजला.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी तो वेबसाइटला लावला. त्याआधीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. ‘चप्पल’ हा शब्द शंभर वेळा लिहिला की ते पान चपलांसाठी वर येण्याची शक्यता वाढे. त्यामुळे लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांचे ढीग रचू लागले. वाचणाऱ्याला दिसत नाही, यंत्राला दिसते. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’मध्ये दुसऱ्यांचे मत मोजले जाऊ लागले. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष दिली. पण सगळ्या साक्षी सारख्या नाहीत. ज्या पानाला स्वतःला भरपूर भरवशाच्या लिंका आहेत, त्याच्या साक्षीला वजन जास्त. आणि एक पान जितक्या जणांना लिंक देईल तितके त्याचे वजन त्यांच्यात वाटले जाणार. ऊठसूट कोणाचीही शिफारस करणाऱ्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, हा व्यवहारातला अनुभव त्यांनी गणितात बसवला.

‘तुमची माणसे सांगा’

हे सगळे वाचताना मदरशात थोडेफार शिकलेल्या कोणालाही इस्नाद आठवेल. हदीसच्या आधी येणारी ती नावांची साखळी: मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, त्याला फलाण्याने. ही साखळी पहिल्या दिवसापासून कोणी मागत नव्हते. ताबिईन पिढीतले इब्न सीरीन यांचे म्हणणे इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्याचा भावार्थ असा, की आधी लोक इस्नाद विचारत नसत. पण मुसलमानांत फितना, म्हणजे आपसातली बंडाळी झाली, गट पडले, तेव्हा ते म्हणू लागले की तुमची माणसे सांगा. स्वार्थ आला, खोटेपणा आला, म्हणून तपासणी आली.

या तपासणीचे पुढे शास्त्र झाले. इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी आपल्या ‘अत्-तारीख अल-कबीर’मध्ये हजारो निवेदकांच्या नोंदी केल्या: कोण कुठला, कोणाचा शिष्य, कोणाकडून ऐकले. निवेदकाला सच्चा किंवा कच्चा ठरवण्याच्या या कामाला ‘जर्ह व तादील’ म्हणतात. बुखारी आणि मुस्लिम यांच्यात एक प्रसिद्ध मतभेद आहे. निवेदकाने ‘अमक्याकडून’ एवढेच म्हटले असेल, तर दोघे एका काळात होते आणि भेट शक्य होती एवढे इमाम मुस्लिम यांना पुरत असे. बुखारी भेट खरोखर झाली होती याचा पुरावा मागत.

दुसरा मुद्दा संख्येचा. एखादी गोष्ट अनेक साखळ्यांतून आली तर तिला बळ मिळते, पण त्या साखळ्या एकमेकींपासून वेगळ्या असतील तरच. दहा साखळ्या मागे जाऊन एकाच लबाड माणसापाशी थांबत असतील, तर ती साक्ष दहा जणांची होत नाही. आणि मधला कच्चा माणूस लपवून साखळी चांगली दाखवणे याला ‘तदलीस’ असे वेगळे नाव आहे.

हे सांगण्याचा उद्देश ‘गुगलचा शोध आपल्याकडे आधीच लागला होता’ असा नाही. असल्या बढाया आपण खूप ऐकल्या आहेत आणि त्यातून काही हाती लागत नाही. साम्य आहे ते अडचणीचे. साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदार तयार होतात, आणि मग साक्षीदार तपासावे लागतात. या वाटेने दोन्हीकडच्या लोकांना जावे लागले.

साक्षीचा बाजार

पेजरँकची कल्पना जगजाहीर झाल्याबरोबर लिंकांचा बाजार उभा राहिला. एकच माणूस शेकडो पोकळ वेबसाइट काढायचा, त्या एकमेकींना लिंक द्यायच्या आणि त्यांतून गिऱ्हाइकाच्या साइटला लिंक विकली जायची. याला लिंक फार्म म्हणतात. दहा साखळ्या, शेवटी एकच माणूस. दुसरे काही लोक ब्लॉगच्या प्रतिक्रियांत आपल्या लिंका चिकटवत सुटले. त्यावर जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती खूण असलेली लिंक शिफारस म्हणून धरायची नाही, असे ठरले.

मोठ्या कंपन्याही यात होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गुगलने निकालांतून काढून टाकली, कारण शोधयंत्राला एक पान दाखवून माणसाला दुसरीकडे नेले जात होते. काही दिवसांत ती परत आली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीचे प्रकरण बाहेर काढले. सणांच्या हंगामात कपड्यांपासून चादरींपर्यंत अनेक शब्दांना तिची साइट सर्वांत वर येत होती, आणि त्यामागे काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवरच्या लिंका होत्या. आम्ही हे करायला सांगितले नव्हते, असे म्हणून कंपनीने आपल्या सल्लागार एजन्सीला काढले. गुगलने साइट खाली ढकलली.

२४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट एकदम घसरल्या. यात छोटे व्यावसायिकही सापडले. त्यांतल्या कित्येकांना एजन्सीने आपल्या नावावर काय केले आहे याचा पत्ताही नव्हता. नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोय गुगलने दिली ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, सहा महिन्यांनी. २०१६ पासून धोरण थोडे बदलले: खोट्या लिंकेबद्दल साऱ्या साइटला शिक्षा करण्यापेक्षा ती लिंक मोजायचीच नाही, यावर भर आला. २०१९ मध्ये पैसे देऊन घेतलेल्या लिंकेसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आली. जाहिरात करा, पण ती जाहिरात आहे हे सांगा, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे आज पाचशे बॅकलिंक विकत घेणारा दोनपैकी एक गोष्ट घेतो. बहुतेक वेळा काहीच घेत नाही, कारण त्या मोजल्याच जात नाहीत. आणि कधी धोका घेतो. एजन्सी पैसे घेऊन मोकळी होते; नाव मात्र दुकानदाराचे असते.

नजश

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: नजश. लिलावात स्वतःला घ्यायचे नसताना, दुसऱ्याला भुलवण्यासाठी खोटी बोली वाढवणे. प्रेषितांनी याला मनाई केल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. जुन्या बाजारात मालकाने पेरलेला माणूस गर्दीत उभा राहून ‘वा, काय माल आहे’ म्हणायचा. विकतची लिंक, पैसे देऊन लिहून घेतलेला पंचतारांकित अभिप्राय, हे त्याच माणसाचे आजचे रूप आहे. जुम्याला पहिल्या सफेत बसणारे काही व्यापारी ‘ऑनलाइनमध्ये सगळे असेच करतात’ म्हणतात तेव्हा मला आश्चर्य वाटते. वजनात काटा मारायला ते धजणार नाहीत. लिंकेत मारलेला काटा त्यांना दिसत नाही, एवढेच.

मग प्रामाणिक माणसाने करायचे काय? मिरजेचे उदाहरण घेऊ. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारे घडवणारे आणि परजणारे. हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरातच ते विसावले. गवयांनी तानपुरा मांडीवर घेतला, वाजवला, जवारी कानाने तपासली आणि मग दुसऱ्याला नाव सांगितले. वापरलेल्या माणसाने दिलेली साक्ष ती हीच. बुखारींच्या भाषेत, भेट झालेली होती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागद आता आला; साक्ष दीडशे वर्षे जमत होती.

छोट्या वेबसाइटचे कामही असेच चालते. आधी आपले पान साक्ष देण्याजोगे करावे: दुकानाचे नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा, माल आपलाच आणि फोटोही आपलेच, पानाच्या शीर्षकात गिऱ्हाईक ज्या शब्दांनी शोधते ते साधे शब्द, मराठी गिऱ्हाइकासाठी मराठी मजकूर. गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते, ती स्वतः करावी. आपल्या कामाचे जे ज्ञान फक्त आपल्याकडे आहे ते लिहावे. तानपुऱ्याचा भोपळा कसा निवडतात, अत्तर उन्हात का ठेवू नये, हे नीट सांगणाऱ्या पानाला लोक आपणहून लिंक देतात. मग ज्यांच्याशी खरा व्यवहार आहे त्यांना विचारावे: माल पुरवणारा, माल घेणारी संस्था, व्यापारी मंडळ, बातमी केलेले स्थानिक वर्तमानपत्र. अशा दहा लिंका जमायला वर्ष लागेल. पण त्या टिकतात.

न्याय करणारा कोण?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. हदीसचे अभ्यासक एखाद्याला कच्चा ठरवत तेव्हा पुष्कळदा कारण लिहीत. दुसरा विद्वान ते खोडून काढू शके. गुगलचा तराजू बंद खोलीत आहे, आणि त्याच गल्ल्यावर जाहिरातीही विकल्या जातात. गंमत म्हणजे पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ च्या आपल्या निबंधात लिहिले होते की जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकण्याचा धोका असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने शोधनिकालांत स्वतःला झुकते माप दिल्याबद्दल गुगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने शोधाच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. बीएमडब्ल्यू काही दिवसांत परत येते. गल्लीतल्या दुकानदाराने दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न उरतोच.

पण तराजूवाल्याची चूक हे आपल्या मापात खोट करण्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणून मला विचारणाऱ्या व्यापाऱ्यांना माझे उत्तर तेच असते: घेऊ नका. मराठीत लिंकेला ‘दुवा’ म्हणतात. आपल्या घरांत वडीलधारी माणसे देतात तोही दुवाच. दोन्ही कामाने मिळवावे लागतात. हरीसवाल्याची हरीस चांगली होती की वाईट, हे आज कोणाला ठाऊक नाही. बाराशे वर्षांनंतर त्याचे नाव उरले आहे ते खोटी साक्ष उभी करणाऱ्यांच्या यादीत.