चांडाली कोणत्या प्रदेशाची भाषा?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. मराठीचे वय मोजताना आपण महाराष्ट्री प्राकृतापर्यंत मागे जातो. मग 'प्राकृत' हे एका भाषेचे नाव, की अनेकींचे?

दोन्ही. व्यापक अर्थाने संस्कृतेतर लोकभाषांचा सारा गोतावळा म्हणजे प्राकृत. पण वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'त नुसते 'प्राकृत' म्हटले की महाराष्ट्री समजायची. मागधी, शौरसेनी, पैशाची यांना मात्र वेगळी नावे लावावी लागतात. दंडीनेही महाराष्ट्राच्या भाषेलाच श्रेष्ठ प्राकृत ठरवले. एकनाथांच्या काळी तर 'प्राकृत' म्हणजे चक्क मराठी. सर्वांचे नाव एकीने घेतले, की उरलेल्यांना विशेषणांवर भागवावे लागते. आमच्या पंडितांना याचा अभिमान वाटतो. वाटो बापडा. पण ही विशेषणे वाटली कशी, ते पाहायला 'नाट्यशास्त्र' उघडावे लागते.

त्यात सात 'भाषा' सांगितल्या आहेत. मागधी, शौरसेनी, आवंती, दाक्षिणात्या अशी त्यांची नावे बहुतेक प्रदेशांवरून आलेली. मग येतात 'विभाषा' : शबर, आभीर, चांडाल, वनेचर यांच्या. इथे नावे माणसांच्या गटांची! मगधात राहणारा मागधी बोलतो. चांडाल मात्र मगधात राहो की अवंतीत, तो चांडालीच बोलणार. त्याच्या जिभेलासुद्धा गावकुसाबाहेर ठेवले. 'मृच्छकटिका'त चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाल जे बोलतात, त्यात 'र'चा 'ल' आणि 'स'चा 'श' होतो. ही तर मागधीचीच लक्षणे. तरी टीकाकार पृथ्वीधर तिला चांडाली म्हणतो. म्हणजे फरक बोलण्यात फारसा नव्हता, बोलणाऱ्यात होता.

ही वाटणी संस्कृत नाटकाबरोबर संपली, असे मानण्याचे कारण नाही. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा मराठीवरील खंड १९०५ साली निघाला. पुण्याकडची मराठी त्यात प्रमाण ठरली. तिला जात नाही. इतरत्र कोळी, आगरी, धनगरी, महारी अशी नावे भेटतात. चित्पावनीही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ती बोलणाऱ्या घरातला माणूस पुण्यात मास्तर झाला, की त्याच्या बोलण्याला नुसते 'मराठी' म्हणत. महारवाड्यातले पोर त्याच वर्गात तोंड उघडी, तेव्हा त्याची बोली आधी 'अशुद्ध' ठरे आणि मग जात विचारली जाई.