बिऱ्हाड आणि घर

‘बिऱ्हाड’ आणि ‘घर’ हे दोन शब्द आपण बोलताना सहज एकाच अर्थाने वापरतो. मुंबईच्या इतिहासाने मात्र त्यांच्यात मोठी दरी पाडली आहे. विवाहाची नोंद करण्यासाठी येणारी तरुण जोडपी आज त्या दरीच्या काठावर उभी दिसतात. भाड्याने राहावे, तर अकरा महिन्यांनी सामान हलवावे लागते; फ्लॅट घ्यावा, तर वीस वर्षांचा हप्ता गळ्यात पडतो. या पेचाचे खापर सहसा बँकेच्या व्याजदरावर किंवा बिल्डरच्या लोभावर फोडले जाते. आमच्या मते त्याचे मूळ शंभर वर्षांहूनही जुने आहे.

त्या काळी मुंबईत घर विकत घेण्याचा विचार सामान्य माणसाच्या मनाला शिवतही नसे. गिरणीकामगार, कारकून, शिक्षक सारे भाडेकरूच. धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या ‘कुडां’त तर खलाशी आणि आचारी अल्प मासिक वर्गणी भरून, भिंतीशी आपली ट्रंक लावून राहत. १८९६च्या प्लेगनंतर दाटीच्या वस्त्या पाडून शहर मोकळे करण्यासाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पण माणसांचा ओघ काही थांबला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ साली सरकारला भाडेवाढीवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला.

नेमक्या त्याच वर्षी वांद्र्याच्या कॅथलिकांनी निराळी वाट धरली. त्यांनी ‘साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था’ उभारली. तत्पूर्वी १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी अशीच संस्था काढली होती. तिची रचना विचार करण्यासारखी आहे. इमारत संस्थेची, आणि सभासद आपल्याच संस्थेचा भाडेकरू! भाडे भरायचे, पण मालकाच्या लहरीवर जगायचे नाही. घर मिळायचे, पण बाजारात नफ्याने विकण्याची वस्तू म्हणून नव्हे. ‘विकत की भाड्याने’ या आजच्या प्रश्नाला त्या पिढीने शोधलेले हे तिसरे उत्तर होते. ते पुढे सार्वत्रिक झाले नाही, याची हळहळ आम्हांला वाटते.

सार्वत्रिक झाला तो भाडेनियंत्रणाचा मार्ग. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या दराशी बांधून टाकले. फाळणीचे निर्वासित येत होते, घरे अपुरी होती. गरिबाला रस्त्यावर येऊ न देण्याचा हेतू उदात्तच होता. परंतु हंगामी म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. भाडे गोठले, तरी विटा-चुन्याचे दर गोठले नाहीत. मालकाने दुरुस्ती सोडली. भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे तर कोणालाच परवडेना. पागडी घेणे हा गुन्हा होता, आणि पागडीशिवाय खोली मिळत नव्हती. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र मंडळ नेमावे लागले.

भाडे कायद्याला सरसकट दूषणे देणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गिरगाव-माझगावच्या खोल्यांतून ज्या विधवांनी मुलांना शिकवले, त्यांना त्या गोठलेल्या भाड्याचाच आधार होता. पण दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढू पाहणाऱ्या मालकिणीही विधवाच असत, हे कोणी ध्यानात घेतले? जो आधीच आत होता, त्याला कायद्याने छत्र दिले. जो अद्याप दाराबाहेर होता, त्याच्यासाठी दार लावून घेतले. १९७३च्या दुरुस्तीने ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांनाही १ फेब्रुवारीच्या ताब्यानुसार भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून रिकामी जागा परक्याला देण्यापेक्षा तिला कुलूप लावणे बरे, अशी धास्ती मालकांनी घेतली. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, ती काही केवळ या एका धास्तीमुळे नव्हेत. पण तिचाही त्यांत वाटा आहे.

अशा रीतीने भाड्याच्या नव्या घरांचा झरा आटला आणि माणसे खरेदीकडे ढकलली गेली. १९६३ साली ओनरशिप फ्लॅटचा कायदा झाला. १९७७ साली एचडीएफसी निघाली आणि पगारदाराला गृहकर्जाची वाट खुली झाली. कर्ज मिळू लागले, तशी घरांना मागणी वाढली; मागणीबरोबर किमतीही वाढल्या.

ही लाट वसईच्या खाडीपलीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. १९९० साली वसई-विरारसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला, तो वाचकांना ठाऊक आहेच. केळीच्या वाड्या, बावखले वाचवण्याचा तो लढा होता. आम्हांला त्याची दुसरीही बाजू दिसते. ज्या आजोबांनी वाडी विकली, त्यांच्याच नातवाला त्या जमिनीवरचा फ्लॅट आज परवडत नाही. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात तटबंदीच्या नगरातील घर सोडवायला केवळ एक वर्षाची मुदत आहे, खेड्यातील घर मात्र योबेल वर्षी मूळ धन्याकडे परत जाते. आपल्या गावांना कधी तटबंदीचे नगर मानले गेले, ते आपल्याला कळलेही नाही.

१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आणि मुदत संपताच लायसन्सवरची जागा परत मिळण्याची हमी मालकाला दिली. मालकाची धास्ती कमी झाली. भाडेकरूच्या वाट्याला मात्र अकरा महिन्यांची अस्थिरता आली. त्या कायद्याचे ५५वे कलम भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक जोडप्याने वाचावे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तशी नोंद नसेल, तर अटींविषयी वाद उद्भवल्यास भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. दलालाच्या कार्यालयात सही करण्यापूर्वी एवढे विचारायला कोणी संकोचू नये.