धनुष्याचे लाकूड : ठाणे जिल्हा

धनुष्याची दोरी ओढली असता दांड्याची बाहेरची बाजू (पाठ) ताणली जाते व धनुर्धराकडील बाजू (पोट) दाबली जाते. ताण व दाब दोन्ही सारखेच सोसणारे लाकूड विरळा. म्हणून निरनिराळी द्रव्ये थरांनी जोडण्याची युक्ती निघाली. मोगलकालीन संयुक्त धनुष्यात पोटाला शिंग, मध्ये लाकूड व पाठीला स्नायुतंतू असून हे थर सरसाने सांधलेले असत. सरस ओल शोषतो; त्यामुळे चार महिने संततधार पावसाच्या कोकणपट्टीत असे धनुष्य राखणे जिकिरीचे होते.

सापगावजवळून वाहणाऱ्या भातसा नदीच्या खोऱ्यात, तसेच शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या डोंगराळ भागात कातकरी, ठाकर, महादेव कोळी इ. जमाती राहतात. येथील पानझडी वनांत साग, ऐन, धावडा, खैर, धामण व बांबू आढळतात. साग टिकाऊ खरा. परंतु वाकून पुन्हा सरळ होण्यात धामणाची सर त्याला नाही. धामणाची धन्वन, धनुर्वृक्ष ही संस्कृत नावेच त्याचा जुना उपयोग सांगतात. कुऱ्हाडीचे दांडे व कावडी यांसाठीही हे चिवट लाकूड पसंत केले जाते. खैराचे महत्त्व वेगळे : त्याच्या गाभ्यापासून काढलेल्या कातावरूनच कातकऱ्यांचे नाव पडले, असे मानतात.

तथापि धनुष्यासाठी बांबूइतके सोयीचे द्रव्य नाही. त्याच्या भित्तीत सालीकडे तंतूंची दाटी असते व आतील भाग मऊ असतो. साल बाहेर ठेवून कामटी घेतली की ताण सोसणारा थर आपोआप पाठीवर येतो. कारागिराने सरसाने जे साधावे, ते येथे निसर्गानेच साधलेले असते, आणि हा सांधा पावसात सुटत नाही. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, म्हणून जून घ्यावा लागतो. पावसाळा संपल्यावर तोडलेल्या बांबूत पिष्टाचे प्रमाण कमी असल्याने भुंगेऱ्यांचा उपद्रव कमी होतो. अग्निपुराणात साल, अर्जुन इ. वृक्षांचा उल्लेख करून शरद ऋतूत घेतलेल्या वेळूचे धनुष्य सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. त्यामागे हाच अनुभव असावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली असून दोरीच्या द्रव्यांतही वेळू आहे. बांबूच्या कामटीची दोरी भिल्लांच्या धनुष्याला अलीकडेपर्यंत लावीत.

जपानी धनुष्यात लाकडाच्या गाभ्याला दोन्ही अंगांनी बांबूचे थर देतात. विसाव्या शतकात कृत्रिम राळ व काचतंतू यांमुळे थरांचे धनुष्य दमट हवेतही टिकू लागले. त्याच्या गाभ्यातही बांबू वापरतात.

शहापूर–मुरबाड भागात ही निवड लाकडाच्या गुणांपेक्षा कायद्याने अधिक मर्यादित झाली. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव वनांतील तोड व शिकार यांवर निर्बंध आले. १९७० मध्ये तानसा अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर आणखी कडक निर्बंध आले. शिकार गेल्यावर धनुष्याचे नित्याचे प्रयोजन उरले नाही, व कोणत्या झाडाचा कोणता दांडा घ्यावा हे मुलाला रानात नेऊन दाखविण्याचा प्रसंगही उरला नाही. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूचा गौण वनोपजांत समावेश करून तो गोळा करण्याचा हक्क वननिवासींना दिला. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला आहे.