रस्ता कोणाच्या मालकीचा?

वाचकहो, तुमचे मूळ गाव कोणते असे कोणी विचारले, तर वाई, पैठण, राजापूर असे एखादे नाव तुम्ही सांगता आणि लगेच पुढे जोडता, 'पण आम्ही इथे सहा पिढ्या आहोत.' बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. आमच्या बेळगावात ते उलटे ऐकू येते. आम्ही कुठून आलोच नाही, सीमा आमच्याकडे आली, असे येथला मराठी माणूस म्हणतो. आलेला माणूस 'इथला' केव्हा होतो आणि ते ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न दोन्ही वाक्यांच्या पोटात आहे. या प्रश्नावरून गेल्या शतकात एका छोट्या विचारपंथात मोठे भांडण झाले. पंथ अमेरिकेतला, त्याचे गुरू ऑस्ट्रियातले, आणि भांडण पेटायला कारण झाले ते बाल्टिक समुद्राकाठचे दोन लहान देश. विषय दूरचा वाटेल, पण थोडा धीर धरा.

या पंथाला लिबर्टेरियन म्हणतात. 'उदारमतवादी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रानडे-गोखले येतात, म्हणून मी येथे 'स्वातंत्र्यवादी' हा शब्द वापरतो. शरद जोशींचे लेखन वाचलेल्यांना ही विचारसरणी अगदीच परकी वाटणार नाही. माणूस आपल्या देहाचा मालक आहे. कष्टाने, देवघेवीने किंवा वारशाने जे त्याला मिळाले त्याचाही तोच मालक आहे. दुसऱ्यावर पहिला हात कोणी उगारायचा नाही आणि सरकारलाही त्यातून सूट नाही. एवढ्यावर पंथाची सारी इमारत उभी आहे. अहिंसा आणि अचौर्य ही अणुव्रते लहानपणापासून ऐकलेल्या माझ्यासारख्या जैनाला तिचा पाया ओळखीचा वाटतो. अपरिग्रहाचे मात्र तेथे नावही नाही!

या पंथाचे आदिगुरू लुडविग फॉन मिझेस. त्यांचा जन्म १८८१ साली लेम्बर्गमध्ये झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमधले लिव्हिव आहे. तेथे पोलिश, युक्रेनियन, यिडिश आणि जर्मन या भाषा एकाच बाजारात ऐकू येत. कोणत्या भाषेची शाळा, कोणत्या भाषेचा कारकून, कोणत्या भाषेची पाटी, यावरून माणसे कशी हातघाईवर येतात हे मिझेस यांनी पाहिले होते. १९२७ साली त्यांनी उदारमतवादावर जे पुस्तक लिहिले, त्यातली स्थलांतरावरची पाने मला फार प्रामाणिक वाटतात. बाहेरच्या माणसाला अडवण्यात स्थानिक कामगारांचा मजुरीचा स्वार्थ असतो, हे ते सांगतात. पण लोकांना वाटणारी भीती खोटी आहे असे ते म्हणत नाहीत. आलेल्यांची संख्या वाढली, त्यांच्या हाती सत्ता गेली, तर ते आपल्याला आपल्याच देशात दाबतील ही भीती खरी आहे, हे त्यांना मान्य आहे. त्यांचा उपाय वेगळा आहे. सरकारच्या हातात दाबण्यासारखे काही ठेवूच नका. शाळा सरकारची नसेल तर शाळेच्या भाषेवरून बहुमताची लढाई होणार नाही. आणि एखादा प्रदेश कोणत्या राज्यात राहील हे तेथल्या रहिवाशांच्या मतदानानेच ठरवावे. हा हक्क ते 'राष्ट्रा'ला देत नाहीत. तो जिल्ह्याचा, गावाचा हक्क आहे.

सीमाभागात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

मिझेस लिहीत होते तेव्हा अमेरिकेने दारे लावून घ्यायला सुरुवात केली होती. चिन्यांना १८८२ सालीच मनाई झाली होती. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा भाग वर्ज्य ठरवला. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांना तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'गोरे' मानायला नकार दिला आणि त्यांच्या नागरिकत्वावर पाणी पडले. १९२४ चा कायदा युरोपियांनाही लागू झाला. प्रत्येक देशाचा वाटा १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेल्यांच्या दोन टक्क्यांवर बांधला गेला. १८९० हे साल मुद्दाम निवडले होते, कारण इटलीचे लोक आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने त्यानंतर आले. १९३८ मध्ये नाझींनी मिझेस यांचे व्हिएन्नातले घर लुटले, आणि १९४० साली स्वतः मिझेस निर्वासित होऊन न्यूयॉर्कला उतरले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना शिष्य मिळाला मरे रॉथबार्ड. हा पोलंड-रशियाकडून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. मिझेस यांना किमान सरकार हवे होते. रॉथबार्ड यांना तेही नको होते. त्यांच्या १९७० च्या पुस्तकात स्थलांतरबंदीची गणना मक्तेदारीत केली आहे. दार लावले की आतल्यांची मजुरी वाढते आणि भुर्दंड बाहेरच्यांना व गिऱ्हाइकाला बसतो. होमिओपॅथ म्हणून मला येथे हानेमान आठवतात. लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांनी त्यांना स्वतःच्या हाताने औषध देण्याची मनाई करवून घेतली, म्हणून १८२१ साली ते क्यॉथेनच्या ड्यूककडे गेले. ड्यूकने परवानगी दिली आणि तेथे त्यांनी चौदा वर्षे काढली. बोलावणारा राजी, येणारा राजी, मग तिसऱ्याने आडवे का यावे? तरुण रॉथबार्ड यांचा युक्तिवाद जवळपास हाच होता.

तेच रॉथबार्ड १९९४ साली बदलले. जानेवारी १९९५ मध्ये ते वारले, म्हणजे हा बदल आयुष्याच्या अगदी शेवटचा. त्याचे कारण त्यांनीच लिहून ठेवले आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर एस्टोनिया आणि लाटव्हियात काय घडवले गेले होते ते त्यांना दिसले.

ते आकडे पाहा. १९३४ साली एस्टोनियात एस्टोनियन लोक ८८ टक्के होते, १९८९ साली ६१ टक्क्यांच्या आसपास. लाटव्हियात लाटव्हियन साधारण तीन-चतुर्थांश होते, ते ५२ टक्क्यांवर आले, आणि रीगा या राजधानीत तर ते अल्पसंख्य झाले. १९४० च्या सोव्हिएत कब्जानंतर जून १९४१ मध्ये आणि पुन्हा मार्च १९४९ मध्ये हजारो कुटुंबे गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली. मागाहून कारखाने आले, कारखान्यांबरोबर रशियन कामगार आले आणि त्यांना सरकारी घरे मिळाली. एस्टोनियाच्या पूर्व टोकाला नार्वा नावाचे शहर आहे. १९४४ च्या लढाईत ते बेचिराख झाले, आणि मूळच्या रहिवाशांना परत येऊ दिले नाही. त्यांच्या जागी रशियाकडून माणसे आणून वसवली.

हे पाहून रॉथबार्ड म्हणाले, की सगळी जमीन खासगी असती तर असे घडूच शकले नसते. मालकाच्या संमतीशिवाय कोणी पाऊलच टाकू शकला नसता. तेव्हा खऱ्या स्वातंत्र्यवादी समाजात सीमा 'उघड्या' नसतात. तेथे प्रत्येक कुंपण हीच एक सीमा असते. हा धागा त्यांचे शिष्य हान्स-हेर्मान होप्पे यांनी पुढे नेला. (होप्पे स्वतः जर्मनीतून अमेरिकेत येऊन प्राध्यापक झालेले.) १९९८ साली पंथाच्या नियतकालिकाने स्थलांतरावर एक अंकच काढला. त्यात होप्पे यांनी लिहिले, की रस्ते, बागा, शाळा सरकारच्या नावावर असल्या तरी पैसा करदात्यांचा आहे. म्हणून सरकारने विश्वस्तासारखे वागावे आणि ज्याला कोणी बोलावले आहे व ज्याची जबाबदारी बोलावणाऱ्याने घेतली आहे, त्यालाच आत घ्यावे. त्याच अंकात वॉल्टर ब्लॉक यांनी उलट बाजू मांडली. सरकारने जोराने घेतलेल्या जमिनीचा सरकार खरा मालक होऊच शकत नाही. मग पलीकडे घर द्यायला, काम द्यायला एखादा मालक तयार असेल, तर वाटेने चालत येणाऱ्याने कोणाचे काय चोरले?

म्हणजे वाद शेवटी येऊन ठेपला तो रस्त्यावर. घराच्या उंबरठ्याबद्दल दोघांचे दुमत नाही. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत जाणारा रस्ता कोणाचा, एवढेच ठरत नाही.

होप्पे यांचा विश्वस्ताचा दाखला वरवर पटतो. आमच्या बस्तीचे किंवा तुमच्या गणेशोत्सव मंडळाचे विश्वस्त असेच वागतात. पण बस्तीच्या सभासदांची यादी असते. देशाच्या मालकांची यादी कोणी करायची? १९९२ साली एस्टोनियाने ती केली. १६ जून १९४० च्या आधी जे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज हेच नागरिक. बाकीच्यांनी भाषेची परीक्षा देऊन यावे. लुटलेले घर परत घेणाऱ्याची ही भाषा आहे आणि तिच्यात न्याय आहे. दुसऱ्या बाजूला वयाच्या विसाव्या वर्षी गिरणीत कामाला म्हणून नार्वात आलेली, चाळीस वर्षे माग चालवलेली, तेथेच मुले वाढवलेली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. तिने कोणावर पहिला हात उगारला? कर तर तिनेही भरला होता.

जुलै १९९३ मध्ये नार्वाने स्वायत्ततेसाठी मतदान घेतले. मतदान करणाऱ्यांपैकी ९७ टक्क्यांनी कौल बाजूने दिला. एस्टोनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मिझेस यांच्या पुस्तकाप्रमाणे नार्वाच्या रहिवाशांना हा हक्क होता. रॉथबार्ड यांच्या लेखाप्रमाणे ते रहिवासीच मुळात घुसवलेले होते. गुरू आणि शिष्य एकमेकांविरुद्ध येथे उभे राहतात, आणि मालमत्तेच्या सिद्धान्तातून निकाल लागत नाही. निकाल लागतो तो यादी कोणत्या तारखेपासून मोजायची यावर. ती तारीख कोणत्याही सिद्धान्तातून निघत नाही, ती इतिहासातून उचलावी लागते. पंथाच्या दोन्ही बाजूंनी ही गोष्ट पुरेशी कबूल केलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

घरांचेही तेच झाले. १९९१ नंतर एस्टोनियाने युद्धापूर्वीच्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना घरे परत दिली, आणि तीस-तीस वर्षे त्या घरांत राहिलेली माणसे एका रात्रीत परक्याची भाडेकरू झाली. आपल्याकडे कूळकायद्याने नेमके उलटे केले: कागद एकाचा होता, जमीन कसणाऱ्याला मिळाली. ज्यांच्या घरात जमीन गेली आणि ज्यांच्या घरात आली, अशी दोन्ही घराणी हा लेख वाचत असतील.

आता संरक्षणाकडे वळतो. १८४९ साली बेल्जियमच्या गुस्ताव्ह द मोलिनारी यांनी असा विचार मांडला होता की सुरक्षाही भाकरीसारखी बाजारात विकत मिळावी, सरकारची मक्तेदारी नको. रॉथबार्ड आणि होप्पे यांनी तो उचलून धरला. मला तो येथे तोकडा वाटतो. रशियाचे सैन्य एस्टोनिया आणि लाटव्हियातून निघाले ते ३१ ऑगस्ट १९९४ रोजी, म्हणजे रॉथबार्ड यांचा लेख आला त्याच वर्षी. शेजारी एवढा मोठा असताना वर्गणी भरणाऱ्यांचेच रक्षण करणारी कंपनी काय कामाची? तोफगोळा वर्गणी पाहून पडत नाही. हे दोन्ही देश २००४ साली नाटोत गेले ते याच जाणिवेने. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेताना रशियन भाषकांच्या रक्षणाचे कारण पुढे केले, तेव्हा नार्वाकडे साऱ्या युरोपचे डोळे लागले. जैन आचारात गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य आहे, पण चालून आलेल्याला रोखताना होणारी विरोधी हिंसा त्याला सुटत नाही असे मानले आहे. मला तो भेद येथे उपयोगी पडतो. १९४० साली एस्टोनियावर चालून आले होते ते सैन्य. गिरणीतली बाई चालून आलेली नव्हती. सैन्याविरुद्ध असलेला हक्क तिच्याविरुद्ध वापरायचा असेल तर वेगळे कारण द्यावे लागेल, आणि 'देशाचे सामूहिक संरक्षण' हा शब्द ते कारण न देता पुढे जाण्याची सोय करून देतो. आमच्याकडे दिग्व्रतही आहे, अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही असे. पण ती मर्यादा श्रावक स्वतःच्या पायांना घालून घेतो, दुसऱ्याच्या नाही.

आणि आपण कुठे बसतो? हैदराबादच्या वाचकांच्या घरात 'मुलकी' हा शब्द अजून असेल. १९१९ च्या निजामी नियमांत नोकरीसाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य मागितले होते, आणि १९५२ साली 'गैरमुलकी परत जा' म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यात गोळीबार झाला. गोव्यात १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते वेगळे राहण्याला आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाला पडली. मिझेस यांना हवे होते तसे रहिवाशांचे मतदान या देशात निदान एकदा झाले. बेळगावला ते मिळाले नाही, याचे मला दुःख आहे. पण बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांना एक अवघड गोष्ट विचारतो. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या मागोमाग आपले पूर्वज तेथे गेले ते सैन्याच्या आणि दफ्तराच्या बळावर. १९४८ साली एखाद्याने १७३० ची तारीख धरून यादी करायला घेतली असती, तर आपण नार्वातल्या बाजूला बसलो असतो. तशी यादी कोणी केली नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने देशभर फिरण्याचा आणि वसण्याचा हक्क दिला आणि आपली घरे राहिली. म्हणून बेळगावातली माझी तक्रार मांडताना उद्या येथे रोजगाराला येणाऱ्या बिहारी गवंड्याविरुद्ध मी तीच तारीख वापरू शकत नाही. मला मिझेस यांची बाजू घ्यावी लागते. शाळा, पाटी आणि कचेरीतला अर्ज माझ्या भाषेत मिळेल एवढे पक्के करा, मग कोण येतो याची मला फिकीर नाही. हे अर्धवट उत्तर आहे हे मी जाणतो, कारण शाळा सरकारने चालवायची नाही हा मिझेस यांचा उरलेला अर्धा भाग मला पचत नाही. आमच्या खेड्यांत सरकारी शाळा नसती तर मराठी शाळाच नसती.

लाटव्हियात १९९० च्या दशकाच्या मध्याला सुमारे सात लाख माणसे 'अनागरिक' या नावाच्या वेगळ्या पासपोर्टावर जगत होती. पुढे बरीच परीक्षा देऊन नागरिक झाली, बरीच वारली. काहींनी मुद्दामच परीक्षा दिली नाही. १ जानेवारी २०२० पासून तेथे जन्मणाऱ्या अनागरिकांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळते, आईबापांनी दुसऱ्या देशाचे घेतले नसेल तर. आईबाप मात्र पूर्वीसारखेच अनागरिक राहतात.