पहिल्या रात्री जेवला कुठे?

आपल्याला नववीला इतिहास शिकवणाऱ्या सरांची एक सवय १९७८ च्या तुकडीतल्या सर्वांना आठवत असेल. थोर व्यक्तीचे नाव आले की ते फळ्यावर जन्म-मृत्यूचे सन लिहीत, खाली पदव्या लिहीत, मग खडू ठेवून हात झटकत आणि विचारत, "बरं, पण पहिल्या रात्री जेवला कुठे?" आपण हसायचो. परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही, म्हणून कोणी त्याचे उत्तरही पाठ केले नाही.

स्मरणिकेसाठी परदेशातील शिक्षणावर लिही असा निरोप आला तेव्हा मला तोच प्रश्न आठवला. या लेखात थोडा इतिहास आहे आणि माझ्या एका जुन्या पत्राची दुरुस्ती आहे. दुरुस्ती शेवटी येईल.

सरांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आनंदीबाई जोशी शिकवताना. अठरा वर्षांची मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. नवरा गोपाळराव हिंदुस्थानातच राहिले. बंदरावर तिला घ्यायला मिसेस कार्पेंटर आल्या होत्या. त्यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला होता आणि १८८० पासून या न पाहिलेल्या मुलीला त्या पत्रे लिहीत होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पहिला उन्हाळा न्यू जर्सीतील रोसेल येथे त्यांच्याच घरी गेला. म्हणजे पहिल्या रात्रीच्या जेवणाचे उत्तर इथे मिळते.

खरे हाल पुढे सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात अभ्यास सुरू झाला. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, नाही पेटवली तर अंगात भरणारी थंडी. सर म्हणत, "धूर की थंडी, एवढीच निवड." शाकाहारी जेवणाची अडचण आणि तिथल्या हिवाळ्यात न पुरणारे लुगडे, हे वेगळेच. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिची रक्षा मिसेस कार्पेंटरांकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. पहिल्या रात्री ज्यांनी जेवू घातले, त्यांच्याच अंगणात ती शेवटी परत गेली.

दुसरे उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचे. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजी गेले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये ते जेमतेम आठवडाभर राहिले, कारण तिथले जेवण मानवेना. मग हिंदी विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांची खोली ठरली. पहिले काही महिने मित्रांबरोबर फिरण्यात गेले, मग मात्र त्यांनी वाचनात स्वतःला गाडून घेतले, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. हे वाचून मला फार धीर आला होता. बाबासाहेबांनाही रुळायला वेळ लागला होता!

त्या खोलीतली मैत्री किती टिकली पाहा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये तो पुरा करायला पुन्हा निघाले तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले ते याच भथेनांनी.

तिसरे उदाहरण आपल्या वऱ्हाडातले. त्याच १९२० साली अमरावती जिल्ह्यातील पापळचा एक शेतकऱ्याचा मुलगा फर्ग्युसन कॉलेज सोडून विलायतेला निघाला. पंजाबराव देशमुखांनी एडिंबरोला एम.ए. केले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डी.फिल. मिळवली आणि बॅरिस्टर होऊन परतले. त्यांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि तिची कॉलेजे आपल्या चिखलीपर्यंत आली, हे आपण जाणतो. सर मात्र आधी अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयाचे नाव घेत. परतल्यावर पंजाबरावांनी सर्व जातींच्या मुलांसाठी उभे केलेले ते वसतिगृह. सर म्हणायचे, "परगावी पहिली रात्र कशी जाते हे ज्याला कळलं, तो आधी वसतिगृहच बांधणार."

आता माझे पत्र.

अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून १९८६ च्या सप्टेंबरात मी मृदाशास्त्र शिकायला इंग्लंडला निघालो. एस.टी.ने राजूर घाट उतरून मलकापूर आणि तिथून रेल्वेने मुंबई. वडील मलकापूरपर्यंत आले होते. गाडी हलली तेव्हा एवढेच म्हणाले, "तब्येत सांभाळजो. पैशाची कायजी करू नको." पैशाची काळजी कोणी करायची हे आम्हा दोघांनाही माहीत होते. सरांनी निघताना बजावले होते, "पहिला महिना लिहून कळव. पदवीचं काय, ती पेपरात येईलच."

मध्य इंग्लंडमधल्या एका शहरात मी भाड्याच्या खोलीत उतरलो. खोलीतला हीटर मीटरवर चाले. पन्नास पेन्सचे नाणे टाकले की ऊब, नाणे संपले की बंद. पौंड तेव्हा साधारण अठरा रुपयांचा होता, म्हणजे प्रत्येक नाणे नऊ रुपयांचे. तेवढ्यात कुठल्याशा कार्यालयात माझा एक कागद अडला आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पाच आठवडे आला नाही. पाव आणि उकडलेले बटाटे खाल्ले. कोट घालून झोपलो. वर्गात प्राध्यापकांचे उच्चार कळत नसत आणि विचारायची लाज वाटे. दोन वेळा परत यायचे ठरवले, पण तिकिटाला पैसे नव्हते.

मला सांभाळले ते कोपऱ्यावरच्या एका गुजराती दुकानदाराने. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितले, तेव्हा हे गृहस्थ बायको-मुलांसह एक पेटी घेऊन इंग्लंडला आले होते. मी सारखे फक्त बटाटे घेतो हे त्यांनी पाहिले. एके दिवशी पिठाची पिशवी आणि मुगाची डाळ पुढे ठेवून म्हणाले, "पैसे आले की दे. मला पहिल्या आठवड्यात कोट एका अनोळखी बाईने दिला होता." त्या रात्री मी वरण केले आणि त्यात पोळीचे तुकडे कुस्करून खाल्ले.

आणि सरांना पत्र काय लिहिले? "खोली उबदार आहे. जेवणाची सोय उत्तम. अभ्यास छान चालला आहे." वडिलांनाही तेच. त्यांना घोर लागू नये हे एक कारण. दुसरे कारण अहंकाराचे होते.

सरांचे उत्तर आले. त्यांनी ते पत्र नववीच्या वर्गात वाचून दाखवले होते. खाली एकच ओळ जास्त होती: "हवामान कळले, पण पहिल्या रात्री जेवलास कुठे?" मी त्याला उत्तर दिले नाही. सर आज नाहीत.

यंदा मेळाव्याच्या तयारीसाठी गावी आलो तेव्हा बसस्टँडजवळच्या दुकानात एक गृहस्थ भेटले. ते पत्र वाचले तेव्हा ते नववीच्या बाकावर होते. पुढे पुण्याच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण दोन महिन्यांत परत आले. मेसचे पैसे नव्हते, इंग्रजी कळत नव्हते. शांतपणे म्हणाले, "तुम्ही तर विलायतेत जाऊन सगळं छान आहे असं लिहिलं होतं. मला वाटलं, पुण्यातही जमत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे." त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. चहा मागवला आणि विषय बदलला. मला तो चहा गिळवेना.

म्हणून ही दुरुस्ती. नववीच्या वर्गात वाचले गेलेले ते पत्र खोटे होते. खोली थंड होती, जेवणाची सोय नव्हती, अभ्यास पहिल्या सहामाहीपर्यंत कळत नव्हता आणि मी एकट्याने काही निभावले नाही. शिक्षकबंधू-भगिनींना विनंती, की शक्य झाल्यास हे यंदाच्या नववीला वाचून दाखवावे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज पुण्यात, बंगळुरूत, जर्मनीत, अमेरिकेत आहेत. फोनवर चेहरा रोज दिसतो आणि "सगळं ठीक आहे" हेही रोज ऐकू येते. आधी आपण आपला पहिला महिना त्यांना खरा सांगू या आणि मग सरांचा प्रश्न विचारू.

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला फार उशीर केला. पहिल्या रात्री मी जेवलो नव्हतो. आईने बांधून दिलेल्या दशम्या विमानातच संपल्या होत्या.